महाधमनीचा फुगवटा : लहान जखम, दीर्घ देखरेख



हृदयातून निघालेले शुद्ध रक्त सर्व शरीरास पोहोचविणारी जी मुख्य रक्तवाहिनी, तिला महाधमनी म्हणतात. छातीतून खाली उतरून ती पाठीच्या कण्यापुढून पोटात येते आणि बेंबीच्या सुमारास दोन शाखांत विभागून दोन्ही पायांकडे जाते. पोटातील भागात तिची रुंदी साधारणतः २ सेंटिमीटर असते. वाढते वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि काही कुटुंबांतील आनुवंशिकता यांमुळे तिची भिंत दुबळी होते व रक्ताच्या दाबाने बाहेर फुगू लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबला झिजलेल्या जागी फुगा यावा, तसाच हा प्रकार होय. रुंदी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली, की त्यास धमनीविस्फार असे नाव दिले जाते.

या विकाराचे खरे भय असे, की तो बहुधा काहीच त्रास देत नाही. माणूस शेतावर जातो, कचेरीत बसतो, वर्गात शिकवितो आणि पोटातील फुगवटा वर्षानुवर्षे वाढत राहतो. तो फुटला म्हणजे मात्र पोटात रक्तस्राव होतो व बहुसंख्य रुग्ण दगावतात. कित्येक तर रुग्णालयापर्यंतही पोहोचत नाहीत.

१९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्युबो या शल्यविशारदाने पोटातील महाधमनीचा फुगलेला भाग काढून तेथे मृत दात्याची धमनी बसविली. पुढे डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या नळ्या वापरात आल्या. ही शस्त्रक्रिया उपयुक्त खरी, परंतु मोठी. पोट उघडावे लागते, महाधमनीतील प्रवाह चिमट्याने काही काळ रोखावा लागतो आणि नळी हाताने शिवावी लागते. ज्यांचे हृदय वा फुप्फुसे दुबळी, अशा वृद्धांना हा भार पेलवत नाही. आणि हा आजार प्रायः वृद्धांचाच.

या अडचणीवर अर्जेंटिनाचे शल्यविशारद हुआन पारोदी यांनी तोडगा शोधला. १९७६ च्या सुमारास, अमेरिकेत क्लीव्हलँड येथे प्रशिक्षण घेत असताना, त्यांच्या मनात असा विचार आला, की नळी बाहेरून शिवण्याऐवजी धमनीच्या आतूनच नेऊन बसविता येणार नाही काय? कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगांनंतर, हुलिओ पाल्माझ यांनी तयार केलेल्या धातूच्या जाळीदार कड्याची, म्हणजे स्टेंटची, जोड त्यांनी डेक्रॉनच्या नळीला दिली. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्वेनोस आयरेस येथे हा उपचार प्रथम मनुष्यावर करण्यात आला. पहिल्या पाच रुग्णांचा वृत्तांत १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शल्यविशारदांचे लक्ष तिकडे वेधले. तत्पूर्वी १९८७ साली, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील खारकीव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महाधमनीवर असाच उपचार केला होता. परंतु त्यांचे लेखन रशियन भाषेत असल्याने पाश्चात्त्य जगास त्याची माहिती उशिरा झाली.

उपचाराची रीत थोडक्यात अशी. जांघेतील धमनीतून एक बारीक तार वर सरकवितात. घडी करून बसविलेली नळी तिच्यावरून पोटापर्यंत नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर जागा पाहून ती उलगडतात. मग रक्त नळीतून वाहू लागते आणि फुगलेल्या भिंतीवरील दाब उतरतो. पोटावर मोठा छेद नसल्याने रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो.

नवा उपचार कितीही आकर्षक वाटला, तरी तो जुन्याशी ताडून पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये नेमके तेच झाले. ६० वर्षे वा त्यावरील वयाचे आणि किमान साडेपाच सेंटिमीटर फुगवटा असलेले १,०८२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. उघड्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत शेकडा ४.७ रुग्ण दगावले, तर नव्या उपचारानंतर शेकडा १.७. हा लाभ निःसंशय मोठा होता.

तथापि संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. रुग्णांवर सुमारे पंधरा वर्षे लक्ष ठेवून २०१६ साली त्यांनी पुढचा वृत्तांत दिला. आरंभीचा लाभ काही वर्षांत ओसरला होता, आणि आठ वर्षांनंतर फुगवट्याशी संबंधित मृत्यू नव्या उपचाराच्या गटातच अधिक आढळले. कारण असे, की नळीच्या कडेने किंवा लहान शाखांतून रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपू शकते. नळी जागेवरून सरकू शकते. मग जुना फुगवटा वाढून फुटतो. शिवाय मोठी शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या अतिदुर्बल रुग्णांची वेगळी पाहणी झाली. तीत या उपचाराने त्यांचे एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ हा उपचार वाईट असा नव्हे. जखम लहान असली तरी देखरेख मात्र जन्मभराची, हा त्याचा बोध होय. रुग्ण बरा दिसतो, म्हणून तपासणी सोडून देणे येथे प्राणावर बेतू शकते. उपचार घेतलेल्याने ठरलेल्या मुदतीस सोनोग्राफी वा सीटी स्कॅन करून घ्यावे, सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत आणि गाव बदलले तरी ती नव्या डॉक्टरांस दाखवावीत. घरच्यांनीही तारखांची आठवण ठेवावी. कोणता उपचार घ्यावा, हे ठरविताना रुग्णाचे वय, प्रकृती, धमनीची ठेवण आणि पुढील तपासण्यांस येण्याची सोय या सर्वांचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

प्रत्येक फुगवट्यावर तातडीने शस्त्रक्रिया लागते, असेही नाही. ब्रिटनमधील १९९८ सालच्या संशोधनाने दाखविले, की साडेपाच सेंटिमीटरहून लहान फुगवट्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. नियमित मोजणी पुरेशी ठरते. मात्र फुगवटा असल्याचे आधी कळले पाहिजे. तेथीलच ६५ ते ७४ वयाच्या ६७,८०० पुरुषांच्या पाहणीत, ज्यांना सोनोग्राफीसाठी बोलाविले त्यांच्यात या विकाराने होणारे मृत्यू शेकडा ४२ ने कमी झाले. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीत सुई नाही, वेदना नाही; काही मिनिटांत महाधमनीची रुंदी कळते.

यास्तव ज्यांनी पुष्कळ वर्षे विडी-सिगारेट ओढली आहे, ज्यांचे वय साठीपुढे गेले आहे किंवा ज्यांच्या आईवडिलांस वा भावंडांस हा विकार होता, त्यांनी डॉक्टरांना तसे आपणहून सांगावे व सोनोग्राफीविषयी विचारावे. धूम्रपान सोडल्याने फुगवट्याची वाढ मंदावते, हे सिद्ध झाले आहे. वयस्क माणसाच्या पोटात वा पाठीत एकाएकी तीव्र कळ आली आणि भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी एवढी माहिती जरी घरोघरी पोहोचविली, तरी पुष्कळ काम होईल. ब्वेनोस आयरेसमध्ये सिद्ध झालेल्या नळीचा लाभ गावातील वृद्धास मिळावयाचा, तर त्याचा आजार वेळीच ओळखला गेला पाहिजे आणि उपचारानंतरही कोणीतरी त्याची विचारपूस करीत राहिले पाहिजे.