साधी चाल



नाताळ म्हटला की दिवे, चांदण्या आणि केक डोळ्यांपुढे येतात. पण या सणाचा एक अतिशय हृद्य क्षण कोणतीही तयारी नसताना, एका दिवसात अवतरला.

२४ डिसेंबर १८१८. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ हे साल्झाख नदीकाठचे नावाड्यांचे गाव. नेपोलियनची युद्धे नुकतीच सरली होती, आणि नव्या सीमारेषेने पलीकडच्या तीरावरचे मूळ शहर गावापासून तोडले होते. तेथील तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी दोन वर्षांपूर्वीची आपली कविता आर्न्सडॉर्फच्या शाळेतील शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांच्या हाती दिली. दोन गायक, वृंद आणि गिटार यांसाठी चाल हवी होती. ग्रुबरांनी ती त्याच संध्याकाळी आणून दिली. रात्री चर्चमध्ये दोघे गायले. गिटार मोर यांनीच वाजवली. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणे! कथा गोड आहे, पण ग्रुबरांच्या निवेदनात तिचा मागमूस नाही.

ते निवेदनही १८५४ सालचे. ‘सायलेंट नाइट’ म्हणून आज जगाला परिचित असलेले हे गीत तोवर दूरवर गेले होते. कर्त्यांची नावे मात्र मागेच राहिली होती. कोणी ते हायडनचेही मानीत. बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा ग्रुबरांनी हकीकत लिहून दिली. मोर सहा वर्षांपूर्वीच निवर्तले होते. त्या कागदावर मोर यांचे नाव आधी येते. स्वतःच्या चालीला ग्रुबरांनी ‘साधी’ म्हटले आहे.