रत्नागिरीचा माणूस आणि परळचा विभाग

मुंबई महानगरपालिकेनें कारभाराच्या सोयीसाठीं शहराचे विभाग पाडले आणि त्यांना इंग्रजी अक्षरांचीं नांवें दिलीं. परळ, लालबाग आणि शिवडी हा मुलूख ‘एफ-दक्षिण’ विभागांत मोडतो. गुहागरच्या किंवा राजापूरच्या घरांत हें नांव क्वचितच कानीं पडेल. तेथें घरचा कर्ता पुरुष ‘परळला असतो’, एवढेंच सांगितलें जातें. परंतु त्या कर्त्या पुरुषाच्या चाळींतील पाणी, गटारें, केरकचरा आणि जन्ममृत्यूच्या नोंदी या साऱ्यांची दाद विभाग कार्यालयांतच मागावी लागते.

हा विभाग कोंकणच्या श्रमांवर उभा राहिला. मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें गिरण्या परळ-लालबागेंत पसरल्या आणि त्यांना रत्नागिरी जिल्ह्यानें माणसें पुरविलीं. १९८१ सालापर्यंत आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यांत होता. आगबोटींतून उतरलेला तरुण आपल्या गांवकऱ्यांच्या खोलीवर जाई. एकेका खोलींत अनेकांचा बाडबिस्तरा असे. पाळ्या निरनिराळ्या, म्हणून एक कामाला निघे तेव्हां दुसरा अंथरूण पसरी. जेवण खानावळींत होई, आणि उरलेला पैसा मनीऑर्डरीनें गांवीं जाई.

या व्यवस्थेनें निवारा दिला, पण तिच्यांत एक उणीव होती. खोली पुष्कळांची असली तरी भाड्याच्या पावतीवर सर्वांचीं नांवें येत नसत. आणि त्या काळीं पालिकेचें मत पावतीवर अवलंबून असे. १८८८ च्या कायद्याखालीं हा अधिकार मुख्यतः करदात्यांपुरता होता. १९२२ सालीं तो दरमहा दहा रुपये भाडें देणाऱ्यांपर्यंत आला. सामाईक खोलींतील बहुसंख्य कामगार तरीही बाहेरच राहिले. ज्यांच्या घामावर विभाग चाले, त्यांना त्याच्या कारभारांत शब्द नव्हता. प्रौढ मतदानानें निवडणूक झाली ती १९४८ सालीं.

त्यापूर्वींही पालिकेनें या वस्तीसाठीं कांहींच केलें नाहीं, असें नव्हे. १९२६ सालीं परळला उघडलेलें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय पालिकेचेंच आहे, आणि कोंकणांतील रुग्णांनाही त्याचा आधार वाटत आला आहे. पण उपकार वेगळा आणि अधिकार वेगळा.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या, आणि जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीबरोबर तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला: खोली कोणाची? कागद एकाचें नांव सांगतो. वहिवाट साऱ्या गांवाची असते.

म्हणून गांवोगांवच्या मंडळांनीं आपल्या खोलीच्या पावत्या, सभासदांच्या याद्या आणि सभांचीं इतिवृत्तें नीट जपून ठेवणें अगत्याचें आहे. मृत्यूची नोंद तो जेथें घडला तेथेंच होते. त्यामुळें परळला निवर्तलेल्या माणसाची नोंद परळलाच होते. गांव आणि विभाग यांचा संबंध असा मरणानंतरही तुटत नाहीं. विभागाच्या सीमा नकाशावर आंखतां येतात; पण त्यांत राहणाऱ्या माणसाचें एक घर संगमेश्वराला असूं शकतें, हें ओळखून चालणारा कारभारच त्या माणसाला आपला वाटेल.