बाबांचा हात, माऊसचा बाण

आजचा भाग छोटा आहे. एका फोनमुळे सुचलाय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बाबांचा लॅपटॉप जुना, त्यावर विंडोज ११ बसत नव्हतं. म्हणून दिवाळीत गावी गेलो तेव्हा लिनक्स मिंट टाकून दिलं. फायरफॉक्स उघडलं, प्रिंटर चालला, हिशेबाची शीट लिब्रेऑफिसमध्ये नीट दिसली. मी खूश होऊन पुण्याला परत.

आठवड्याभरात फोन. "अरे, दुकानाचा हिशेब मी परत वहीतच लिहितोय." का हो बाबा? "बाण नेतो एकीकडे, जातो भलतीकडे. फाइल उघडायला चार-चारदा टकटक करावं लागतं. हात थरथरत असेल आता. वय झालं."

हे ऐकून मला कसंतरीच झालं. कारण हातात काही बिघाड नव्हता, सेटिंग बघायची मी विसरलो होतो.

आधी डबल क्लिक. विंडोज दोन क्लिकमध्ये ५०० मिलिसेकंद थांबतं, मिंटमध्ये मुळात ४०० असतात. तुम्हा-आम्हाला हा फरक कळतही नाही. पण बाबा निवांत क्लिक करणारे. त्यांचं दुसरं क्लिक पोहोचेपर्यंत वेळ संपायची आणि कॉम्प्युटर ती दोन वेगळी क्लिक धरायचा. व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडूनच माऊसचं सेटिंग उघडून घेतलं आणि डबल क्लिकची पट्टी पुढे सरकवायला लावली. तिथेच चाचणीचं बटण आहे. तीनदा दाबून बघितलं, तिन्ही वेळा जमलं.

मग बाण. यामागे ॲक्सिलरेशन असतं. हात झटकन हलवला की बाण जास्त लांब जातो, हळू हलवला की कमी, आणि टेबलावरचं अंतर मात्र तेवढंच! विंडोजमध्येही हे असतं, 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' या नावाने. पण किती वेगाला किती उडी, याचं गणित दोन्हीकडे वेगळं. इतक्या वर्षांत हाताला एक गणित पाठ झालेलं, ते मी एका दुपारीत बदललं. आम्ही प्रोफाइल 'फ्लॅट' केलं, म्हणजे हात जेवढा सरकेल त्याच प्रमाणात बाण सरकणार. मग वेग थोडा कमी केला. गेम खेळणारे तुम्ही लोक हेच करता, फक्त कारण वेगळं. एकच सांगतो, रोज पट्टी हलवत बसू नका. एकदा ठेवलं की चार दिवस वापरा, हाताला सवय होऊ द्या.

आणखी एक गंमत. शीटमध्ये मधूनच भलताच मजकूर यायचा. लिनक्समध्ये मजकूर नुसता सिलेक्ट करून चाक दाबलं तरी तो पेस्ट होतो. बाबा स्क्रोल करताना चाक दाबत होते! मला स्वतःला ही सोय फार आवडते, पण त्यांना आधी सांगायला हवं होतं.

विंडोजवरून मॅकवर गेलेल्यांचं रडगाणं वेगळंच. तिथे स्क्रोल उलटं वाटतं. २०११ पासून मॅकमध्ये 'नॅचरल स्क्रोलिंग' मुळातच चालू असतं. माऊससाठी बंद केलंत तर ट्रॅकपॅडचंही बदलतं, त्यामुळे बरेच जण वेगळं ॲप टाकतात.

परवा बाबांनी महिन्याच्या हिशेबाची शीट पाठवली. खाली एकच ओळ होती, "बाण ऐकतो आता. अक्षर मोठं कसं करायचं?"

ते पुढच्या भागात.