कौटुंबिक न्यायालय आणि समेट



नवराबायकोचें भांडण कोर्टांत गेलें म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर आली, असें आपण म्हणतों. पूर्वीं तें खरेंच होतें. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं आपली पत्नी रखमाबाई नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला, तेव्हां त्याची चर्चा विलायतेच्या पत्रांपर्यंत गेली. आणि १८८७ सालीं ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग’ असा निकाल त्या बाईंस ऐकावा लागला.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानें ही तऱ्हा पालटली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत असें न्यायालय स्थापणें राज्य सरकारवर बंधनकारक झालें. पुण्याचें शिवाजीनगरास आहे. तत्पूर्वीं एकाच संसाराचे तुकडे निरनिराळ्या दारीं न्यावे लागत: घटस्फोट दिवाणी न्यायालयांत, पोटगी मॅजिस्ट्रेटापुढें, मुलाचा ताबा जिल्हा न्यायालयांत. आतां हीं सारीं प्रकरणें एका छपराखालीं आलीं.

न्यायाधीश नेमतांना स्त्रियांस प्राधान्य द्यावें असें कायदा सांगतो. दोहोंपैकीं एकानेंहि मागणी केली तर काम बंद दाराआड चालवावेंच लागतें. वकील देण्याचा हक्क पक्षकारास नाहीं. न्यायालय परवानगी देईल तर तो उभा राहतो. पुण्यासारख्या वकिलांच्या गांवांत हें कलम फारसें गोड लागलें नसावें! परंतु या न्यायालयाची खरी कळ समुपदेशकाच्या खोलींत आहे. तेथें उभयतांस बसवून बोलतें करितात, आणि तेथील बोलणें गुप्त राखावें असा नियम आहे. समेटाची आशा दिसली तर न्यायाधीश कामकाज तहकूब ठेवूं शकतात.

येथेंच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समेट म्हणजे पुन्हां एकत्र नांदणेंच नव्हे. मारहाण सोसून आलेल्या स्त्रीस ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणून परत धाडणें, हें रखमाबाईंच्या निकालाचेंच सौम्य रूप होय. पोटगी किती, मूल कोणाकडे, तें दुसऱ्यास केव्हां भेटेल, एवढें ठरवून सभ्यपणें विभक्त होणें हाहि समेटच. आणि संमतीनें झालेल्या हुकुमावर अपील चालत नाहीं. इतर निकालांवर उच्च न्यायालयाकडे जातां येतें.

छळाची फौजदारी फिर्याद मात्र फौजदारी न्यायालयांतच चालते, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील अर्जहि बहुधा मॅजिस्ट्रेटापुढेंच करावा लागतो. त्यामुळें ज्या स्त्रीचें दुःख सर्वांत मोठें, तिच्याच वांट्यास अजून दोन दारांच्या खेपा येतात.