मोटर भरता भरता

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मेहकरला माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटंसं दुकान आहे. आमच्याकडे रिवाइंडिंग असं कुणी म्हणत नाही, ‘मोटर भरणं’ म्हणतात. विहिरीतली किंवा बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती काढतो, ऑटोत किंवा मोटरसायकलवर आडवी टाकतो आणि दुकानापुढे आणून ठेवतो. मग एकच प्रश्न विचारतो, “कवा देता?” आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स झाला, दोन वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली आणि 2017 साली स्वतःचं शटर उघडलं. अजून तिशी गाठायची आहे, पण गिऱ्हाइकं आता ‘मिस्त्री’ म्हणतात. आधी लाजल्यासारखं व्हायचं. आता सवय झाली.

धंद्याचा दिवस कसा असतो ते थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर हरभरा आणि गव्हाचं पाणी सुरू झालं की सकाळी सातला शटर वर करायच्या आधीच दोन-तीन मोटरी ओट्यावर आलेल्या असतात. मोटर उघडली की आधी वास येतो. जळालेल्या इन्सुलेशनचा वास एकदा नाकात बसला की घरी जेवतानाही जात नाही. छिन्नीनं कॉइलची टोकं तोडायची, जुनं तांबं ओढून काढायचं, पण त्याआधी एका कॉइलचे वेढे मोजायचे आणि तारेचं गेज बघायचं. इथे चुकलात तर पुढचं सगळं काम पाण्यात. वरून चालणाऱ्या मोनोब्लॉकला इनॅमलची तार आणि शेवटी वॉर्निश. पाण्यात बुडणाऱ्या मोटरीला प्लास्टिकच्या आवरणाची तार, कारण तिच्या आतच पाणी भरलेलं असतं. आणि हो, जुनं तांबं कुणाचं, हा वाद दर दोन दिवसांनी होतो. तो मिटवण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

आमच्या हत्यारांत एक छोटं होकायंत्र असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोटर भरून झाली की बॅटरीचा थोडा करंट एका फेजमध्ये सोडायचा आणि होकायंत्र आतल्या बाजूनं गोल फिरवायचं. चार पोलची मोटर असेल तर सुई उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी क्रमानं पलटली पाहिजे. क्रम चुकला तर समजायचं, कुठेतरी एखादी कॉइल उलटी जोडली गेली आहे. तांब्याच्या तारेत करंट गेला की ती चुंबक होते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण सुई आपल्या हाताखाली पलटताना पाहिली तेव्हा ते खरं वाटलं.

या होकायंत्रामुळेच मला लोणारचं वेड लागलं. मेहकरहून लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. सुलतानपूरला फाटा घ्यायचा. शाळेच्या सहलीत सगळ्यांसारखा मीही गेलो होतो. आपण घाटावरची माणसं लोणारला पाहुणे आले की जातो, एरवी जात नाही. धंद्यात पडल्यावर एकदा त्या बाजूच्या एका खेड्यात मोटर बसवायला गेलो होतो. काम दुपारीच आटोपलं आणि सरोवराच्या काठावर जाऊन बसलो. शेजारी एक गाइड पुण्याच्या मंडळींना सांगत होता, “इथं होकायंत्र काम करत नाही. उल्का पडली ना, ती खाली आहे, सुई गरागरा फिरते.” माझं होकायंत्र खिशातच होतं. काढून हातावर धरलं. सुई गुपचूप उत्तरेला उभी राहिली.

मी त्या गाइडला काही बोललो नाही. पण घरी आल्यावर झोप लागेना. पुढच्या रविवारी परत गेलो. काठाच्या वाटेवर पन्नास-पन्नास पावलांवर थांबून सुई पाहिली. उभ्यानं, कमरेच्या उंचीवर धरली तर जवळपास सगळीकडे ती उत्तरच दाखवत होती. मग एका काळ्या दगडाला चार बोटांवर टेकवली आणि सुई चांगली हलली. दगडाच्या दुसऱ्या बाजूला नेली तर उलट दिशेला हलली. म्हणजे गाइड अगदीच खोटं सांगत नव्हता! आनंद झाला, पण फार वेळ टिकला नाही. मेहकरच्या बाहेर आमच्या ओळखीच्या एका शेताच्या बांधावरच्या दगडांजवळ तेच केलं, तिथेही काही दगडांनी सुई हलवली. तिथे कोणती उल्का पडली होती?

उत्तर पुढे वाचनातून मिळालं. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडी खनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यात गोठून राहते. हे वाचताना मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर दख्खनच्या बऱ्याच थरांत ती दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे त्या काळी होकायंत्र असतं तर उत्तरेचं टोक दक्षिणेला वळलं असतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. तीन फेजपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. शेतकरी फोन करतो, “मिस्त्री, मोटर चालते पण पाणी कमी येते.” मी सांगतो, स्टार्टर बंद करा, दोन तारा बदला. पृथ्वीच्या आत तारा कोण बदलतं, हे काही मला अजून नीट कळलेलं नाही, पण तिथे द्रवरूप लोखंड फिरतं आणि त्याच्यामुळे चुंबक तयार होतं, एवढं कळलं.

तर असं झालं. छंद म्हणजे काय, तर एक वही, एक होकायंत्र आणि महिन्यातले एक-दोन रविवार. सरोवराविषयी जे मिळेल ते वाचायला लागलो. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, हे समजलं. अर्थात आपल्या लोकांना ते त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. लवणासुराची कथा आहे, गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, आत सरोवराच्या काठी कमळजादेवी आहे. आईन-ए-अकबरीतसुद्धा या भागात काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो असा उल्लेख आहे. म्हणजे माझ्यासारखे छोटे धंदेवाले तेव्हाही या खाऱ्या पाण्यावर पोट भरत होते. विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बरीच वर्षं चालला. 1973 साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आघातानंच तयार होणारी काच तिथे सापडल्याचं दाखवलं आणि वाद मिटला. वय मात्र अजून एकमतानं ठरलेलं नाही. आधी सुमारे बावन्न हजार वर्षं सांगत, नंतरच्या एका मोजणीत ते सुमारे पावणेसहा लाख आलं. एका मोटरीच्या वेढ्यांत दहाचा फरक पडला तर मी रात्रभर जागा राहतो, इथे लाखांचा फरक आहे आणि शास्त्रज्ञ शांतपणे पुढची मोजणी करतात.

गावाबाहेर मोठ्या मारुतीचं देऊळ आहे. आडव्या मारुतीची ती मूर्ती चुंबकीय दगडाची आहे, असं लोक म्हणतात. तिथे मी होकायंत्र काढलं नाही. हात जोडून बाहेर आलो. सगळंच तपासायला हवं असं काही नाही.

गाइडला मात्र पुढे ओळख झाल्यावर सांगितलं, की सुई गरागरा फिरत नाही, दगडाजवळ नेली तर हलते, आणि तशी ती मेहकरलाही हलते. त्याचं तोंड उतरलं. “भाऊ, पोटावर पाय नका देऊ,” म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. सीझनला दिवसाला चार गिऱ्हाइकं, तीही ती सुई ऐकायला आलेली. मग आम्ही दोघांनी मिळून एक तोड काढली. तो आता पाहुण्यांच्याच हातात होकायंत्र देतो, आधी दगडापासून लांब, मग जवळ. सुई हलली की मंडळी लहान मुलांसारखी ओरडतात. त्याचा धंदा कमी झाला नाही, असं तोच सांगतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला थोडं जड जातं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरअखेर होता. एका शेतकऱ्याची मोटर शनिवारी देतो म्हणून कबूल केली होती. शनिवारी तार संपली, काम राहिलं. रविवारी सकाळी तार आणून मोटर भरता आली असती. पण एका ओळखीच्या मास्तरांबरोबर लोणारला जायचं आधीच ठरलं होतं. मनाला म्हटलं, एका दिवसानं काय होतं? शटर पाडलं आणि गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. ओरडला नाही. इतकंच म्हणाला, “दादा, गव्हाले आज एकवीस दिवस झाले.”

शेतकरी श्रोत्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पेरणीनंतर साधारण एकविसाव्या दिवशी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पहिलं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ते भरून निघत नाही. त्यात आमच्याकडे शेतीची तीन फेजची लाइट कधी दिवसा, कधी रात्री, ठरलेल्या तासांपुरती. त्या रात्री त्याच्या पाळीची लाइट होती. रात्री बारापर्यंत बसून मोटर भरली, पैसे घेतले नाहीत. पण विहिरीत उतरवून चालू होईपर्यंत आणखी दोन दिवस गेले. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

तेव्हापासून एक नियम केला. दिवाळी ते होळी, ओट्यावर एकही मोटर असेल तर लोणार नाही. छंद पावसाळ्यात. तेव्हा मोटरीही झोपलेल्या असतात आणि विवर हिरवंगार असतं. घरच्यांना वाटलं होतं, आता हे वेड सुटेल. सुटलं नाही, फक्त त्याला हंगाम आला.

जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाही असाच रिकामा हंगाम होता. लॉकडाउन नुकतं सैल झालं होतं. मोबाइलवर फोटो आला आणि मी गाडी काढली. काठावरून पाहिलं तर खरंच, खाली परातीत कुणी गुलाल कालवल्यासारखं. लोक काय काय बोलत होते! देवीचा कोप, करोनाची खूण, कुणी म्हणे केमिकल टाकलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असा निष्कर्ष निघाला. पाऊस पडल्यावर रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

त्या गुलाबी पाण्यानं मला धंद्यातली एक गोष्ट शिकवली. लोक कारण आधी ठरवतात, नमुना नंतर तपासतात. आमच्याकडेही तेच. मोटर जळाली की शेतकरी म्हणतो, मागच्या मिस्त्रीनं तार डुप्लिकेट टाकली. मिस्त्री म्हणतो, शेतकऱ्यानं गाळात चालवली. मी लोणारच्या वहीसारखी एक वही दुकानात ठेवली. आलेली प्रत्येक मोटर उघडल्यावर कॉइल कशी जळाली ते लिहायचं. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असतील तर मोटरीवर ताण पडला. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरीच्या तांबूस, चांगल्या असतील तर समजायचं, लाइटचा एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर धडपडत राहिली. पहिला हंगाम संपल्यावर वही चाळली. माझ्याकडे आलेल्या मोटरींपैकी बहुतेक याच दुसऱ्या प्रकारानं मेल्या होत्या. त्याला उपाय आहे. एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र मिळतं, बऱ्याच स्टार्टरमध्ये ते असतंही. पण ते वारंवार मोटर पाडतं, आणि रात्री दोन वाजता थंडीत, बिबट्याच्या भीतीत पुन्हा विहिरीवर कोण जाणार? म्हणून लोक ते तोडून सरळ जोडणी करतात. फ्यूजच्या जागी जाड तार घालतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त ती वही उघडून दाखवतो.

याचा माझ्या धंद्यावर काय परिणाम झाला, असं माझे एक मामा विचारतात. झाला ना, मोटरी कमी जळाल्या तर भरायला कमी येणार! त्यात आता सौर पंप येऊ लागलेत. माझ्या ओट्यावरची रांग दहा वर्षांनी कशी असेल, ते मला माहीत नाही. सौर पंपांचे कंट्रोलर उघडून पाहायला सुरुवात केली आहे, इतकंच.

मागच्या नोव्हेंबरमध्ये तो एकवीस दिवसांच्या गव्हाचा माणूस परत आला. सोबत शाळेत जाणारा मुलगा होता. मोटर खाली ठेवून म्हणाला, “कवा देता?” म्हटलं, “परवा सकाळी. नक्की.” जाताना मुलानं माझ्या टेबलावरचं होकायंत्र उचललं आणि ते माझ्या चुंबकाच्या डबीजवळ नेऊन सुई नाचवायला लागला. बाप म्हणाला, “ठेव ते, मिस्त्रीच्या कामाचं आहे.” मी म्हटलं, “राहू द्या. परवा मोटर न्यायला याल तेव्हा परत आणा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघं आले. मोटर तयार होती. होकायंत्राबरोबर मुलानं पिशवीतून बांधावरचे पाच काळे दगड आणले होते. त्यातल्या दोनांजवळ सुई हलते, तीनांजवळ हलत नाही, असं त्यानं त्याच्या शाळेच्या वहीत लिहिलं होतं.