निवृत्तिवेतनाचे बदललेले नियम आणि आपण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय काहींना रुक्ष वाटेल. परंतु या सभागृहातील कितीतरी घरांची चूल मास्तरकीच्या पगारावर पेटते. मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखलीकडच्या उर्दू शाळांतून शिकवणारे अनेक जण आता अठ्ठावन्नाच्या जवळ आले आहेत. पगार थांबल्यावर घरात काय येणार, हा प्रश्न त्यांच्याइतकाच त्यांच्या शिकणाऱ्या मुलांचाही आहे.

मुख्य तारीख एकच, 1 नोव्हेंबर 2005. तिच्याआधी सेवेत रुजू झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 लागू. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई वाढ. पूर्वी पूर्ण निवृत्तिवेतनास 33 वर्षे सेवा लागे, 2009 नंतर 20 वर्षे पुरतात. त्या तारखेनंतर आलेल्यांसाठी मात्र अंशदान योजना आली. पगारातून 10 टक्के कपात, शासनाचा तितकाच वाटा (2019 पासून 14 टक्के), आणि शेवटी जे साठेल ते.

फरक आकड्यांत पाहा. शेवटचे मूळ वेतन 80,000 रुपये असेल, तर जुन्या नियमाने दरमहा 40,000 रुपये आणि महागाई वाढ वेगळी. नव्या योजनेत 30 लाख साठले असे धरा. त्यातील किमान 40 टक्के, म्हणजे 12 लाख, विमा कंपनीकडे गुंतवावे लागतात. वर्षाला 6 टक्के धरले तर महिन्याला 6,000 रुपये हाती येतात, आणि ते महागाईबरोबर वाढत नाहीत. मार्च 2023 चा संप उगीच झाला नव्हता.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की, ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची आहे पण जे नंतर रुजू झाले, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय द्यावा. त्याच वर्षी इतरांसाठी सुधारित योजना आली. 20 वर्षे सेवा झाली असल्यास शेवटच्या पगाराच्या निम्मे व महागाई वाढ, आणि पश्चात कुटुंबाला त्याच्या 60 टक्के. पर्याय लेखी द्यावा लागतो. शेजारच्या मास्तरांनी दिला म्हणून आपणही देऊ नये. शासन निर्णय मुलांकडून संगणकावर काढून घ्या आणि अटी स्वतः वाचा.

आपल्या समाजाच्या शाळांना एक जास्तीचा काटा आहे. शिक्षक 2005 पूर्वीचा, पण शाळेला 100 टक्के अनुदान नंतर मिळाले, अशांना जुनी योजना नाकारली गेली. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते वर्ग चालवणाऱ्याच्या हातात अनुदानाची तारीख नसते, म्हणून तिचा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तथापि अशा शिक्षकांनी नेमणूक आदेश, मान्यता आणि अनुदानाची पत्रे एकत्र करून ठेवावीत.

पेन्शन विकण्याविषयी पुष्कळ विचारले जाते. 40 टक्क्यांपर्यंत विकता येते. वरच्या उदाहरणात 16,000 रुपये विकले तर 15 वर्षे मूळ निवृत्तिवेतन 24,000 च राहील, पण महागाई वाढ पूर्ण 40,000 वर मिळेल. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी सगळी रक्कम एका दिवसात उडवणारे मी पाहिले आहेत; त्यांनी शेताचे किंवा घराचे कर्ज आधी फेडले असते तर बरे झाले असते. उपदानाची कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2024 पासून 14 लाखांवरून 20 लाख झाली आहे.

आता नावाची भानगड. सेवापुस्तकात एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. पत्नीच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. शिक्षक हयात असेपर्यंत हे खपून जाते. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी विधवेलाच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. प्रकरणाची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि सहा महिने आधी ते नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाकडे जावे, असा नियम आहे. तेव्हा ज्यांना दोन-तीन वर्षे उरली असतील, त्यांनी मुख्याध्यापकांकडून सेवापुस्तक मागून घ्यावे, पत्नीला शेजारी बसवून तिचे नाव व जन्मतारीख तिच्याच कागदांशी ताडून पाहावी, आणि फरक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज पोच घेऊन द्यावा.