आई-वडिलांच्या पश्चात

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयात तीन प्रकारचे विकार येतात. मेंदूची वाढ होत असतानाच प्रकट होणारे, म्हणजे बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता इत्यादी, उतारवयात स्मृती हिरावून घेणारा स्मृतिभ्रंश, आणि व्यसनाधीनता. व्यसनाविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. विसराळू झालेल्या आजोबांची सेवाही घरोघरी होते. पहिल्या प्रकाराविषयी मात्र आपण मौन बाळगतो, म्हणून त्याविषयीच बोलणार आहे.

बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे. बुद्ध्यंक साधारण ७० पेक्षा कमी, एवढ्यावर तिचे निदान होत नाही. पैशांचा व्यवहार, स्वतःची निगा, माणसांशी वागणे यांत किती आधार लागतो, हेही पाहावे लागते. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. कधी प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडतो. थायरॉईडची जन्मजात कमतरता तर जन्मानंतर काही दिवसांतच रक्ततपासणीने कळते आणि औषध वेळीच सुरू केल्यास मेंदूची हानी टळते. असे असताना सुनेला दोष देणे किंवा ‘पूर्वकर्म’ म्हणून विषय मिटवणे योग्य नाही. कर्मसिद्धान्त पुरुषार्थ नाकारत नाही.

मूल लहान असेपर्यंत वाटा तरी आहेत. पुण्यात ‘कामायनी’ १९६४ पासून अशा मुलांसाठी काम करीत आहे. खरा प्रश्न शाळा संपल्यावर उभा राहतो. मुलगा तिशीचा होतो, वडील सत्तरीचे. बहिणीचे स्थळ मोडेल या भयाने त्याला पाहुण्यांसमोर आणले जात नाही. ‘लग्न केले की सुधारेल’ असा सल्लाही मिळतो. असा विवाह म्हणजे दुसऱ्याच्या लेकीवर लादलेली शुश्रूषा होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मुळशी तालुक्यात, कोळवण खोऱ्यात आहे. प्रौढ मतिमंद व्यक्तींसाठी ‘साधना व्हिलेज’ ही संस्था १९९४ मध्ये येथे सुरू झाली. तिच्यामागे स्कॉटलंडमधील ‘कॅम्पहिल’ वस्तीची प्रेरणा आहे. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेल्या डॉ. कार्ल कोनिग यांनी ती १९४० च्या सुमारास उभारली. कल्पना साधी होती : अशा व्यक्ती आणि त्यांना आधार देणारे यांनी एकाच घरात कुटुंबासारखे राहावे आणि प्रत्येकाने झेपेल ते काम करावे. कोळवणला या रहिवाशांना ‘विशेष मित्र’ म्हणतात.

दुसरा विकार येथेच पहिल्याला येऊन मिळतो. प्रगत देशांत डाऊन सिंड्रोमच्या व्यक्ती १९८३ च्या सुमारास सरासरी २५ वर्षे जगत. आता साठीपर्यंत जगतात. परंतु अल्झायमरशी संबंधित एका प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असल्याने चाळिशी-पन्नाशीतच त्यांना स्मृतिभ्रंशाचा मोठा धोका असतो. म्हणजे आई-वडील थकतात, नेमकी तेव्हाच आधाराची गरज वाढते.

व्यापारी माणूस दुकानाची वाटणी आणि मृत्युपत्र वेळेवर करतो. त्याच घरात या मुलासाठी एकही कागद नसतो. ‘भाऊ बघेल’ यावरच सारी भिस्त. भाऊ बघतोही, पण वहिनीला कोणी विचारलेले नसते. शिवाय अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याने मुलगा सज्ञान होतो व आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करावयाचा असतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. भावाभावांतील संशयालाही त्याने आळा बसतो.

ज्या घरांना हे काम करावयाचे आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. चारचौघांत बोलणे नको असेल, तर स्वतंत्र वेळ देईन.